साडेबारा चौरस मीटर

आमच्या बेसमेंटचा रॅम्प उतरला की लगेच डाव्या हाताला एक कॉलम आहे, त्याच्यावर गुडघ्याएवढ्या उंचीला रंगांचे ओरखडे आहेत, पांढरा, सिल्व्हर, लाल, एक गडद निळा, आणि मध्येच प्लास्टर उडून आतलं काँक्रीट दिसतं. वळताना ज्याची ज्याची गाडी घासली त्याचा रंग तिथे राहिलाय. इतकी वर्षं मी त्या कॉलमच्या बाजूने जात होते पण कधी थांबून बघितलं नव्हतं. गेल्या वर्षी कमिटीने पार्किंगचा नकाशा नव्याने करायचं काम माझ्याकडे दिलं आणि एका रात्री अकरा वाजता मी टेप घेऊन खाली उतरले, टेपचं दुसरं टोक धरायला वॉचमनकाका, तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला.

आमच्याकडे ११२ घरं आहेत आणि आखलेले स्लॉट ९४. गाड्या किती आहेत हे कुणालाच धड माहीत नव्हतं. जो तो आपला अंदाज सांगायचा, आणि ज्याला स्लॉट नाही त्याचा अंदाज वेगळा, ज्याच्याकडे दोन आहेत त्याचा वेगळा. प्रत्येक मीटिंगमध्ये हाच विषय, आवाज चढणार, कुणीतरी उठून जाणार, आणि पुढच्या महिन्यात परत तेच. लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी दोन घरं आहेत आमच्याकडे, ती एका स्लॉटवरून तशी झालीत, मुलं त्यांची एकाच बसने शाळेत जातात.

तर मोजायला सुरुवात केली. एका गाडीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, आपल्या भाषेत १३४ स्क्वेअर फूट. मी वर येऊन माझ्या मुलाची बेडरूम मोजली. दहा बाय अकरा फूट, म्हणजे ११०. ज्या खोलीत तो झोपतो, अभ्यास करतो, त्याचं कपाट आहे, खिडकी आहे, त्या खोलीपेक्षा खाली उभ्या असलेल्या गाडीची जागा मोठी आहे. आणि हे फक्त गाडीच्या चौकटीचं झालं. गाडी काही वरून उचलून ठेवत नाहीत, तिला आत यायला रस्ता लागतो, वळायला जागा लागते, रॅम्प लागतो. ते सगळं धरलं की एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात, म्हणजे अशा जवळजवळ तीन बेडरूम. हे आर्किटेक्ट लोकांना रोजचं आहे, मला त्या रात्री कळलं आणि मी बराच वेळ जिन्यावर बसून राहिले.

रॅम्पचंच घ्या. एक मजला खाली जायचं म्हणजे तीन-साडेतीन मीटर उतरायचं. चढ फार तीव्र केला तर वरच्या टोकाला गाडीचं पोट घासतं, पावसात चाकं घसरतात, म्हणून आठ मीटरला एक मीटर अशा हिशोबाने धरलं तरी पंचवीस-तीस मीटर लांबीचा रॅम्प होतो. प्लॉट लहान असेल तर अर्धं बेसमेंट रॅम्पच खातो. आणि कॉलम. दोन कॉलमच्या मध्ये तीन गाड्या बसवायच्या तर मोकळे साडेसात मीटर लागतात. आमच्याकडे ते सात आहेत. नकाशावर तीन स्लॉट काढलेत, तिन्ही विकले गेलेत, प्रत्यक्षात मधल्या गाडीवाल्याला दार उघडता येत नाही, तो मागच्या सीटवरून सरकत बाहेर येतो, चाळिशीतला माणूस आहे आणि कंबरेचं दुखणं आहे त्याला. बरं, कॉलम हलवता येत नाही, कारण तोच कॉलम सरळ वर जातो आणि सगळ्या मजल्यांवर कुणाच्या तरी हॉलच्या कोपऱ्यातून निघतो. आपल्याला वाटतं घराचा आकार आपल्यासाठी ठरलाय. बऱ्याच उंच बिल्डिंगमध्ये तो आधी खाली गाड्या कशा बसतील यावरून ठरतो आणि मग त्याच्यावर घरं येतात.

मग मला प्रश्न पडला की हे सगळं असं करायचं ठरवलं कुणी. एका घरामागे एक गाडी, मोठ्या घरामागे दोन, हा हिशोब आला कुठून. थोडं वाचल्यावर कळलं की घरांसाठी पार्किंग सक्तीचं करणारा पहिला नियम म्हणून १९२३ साल सांगितलं जातं, अमेरिकेतलं कोलंबस शहर, ओहायो राज्यातलं, अपार्टमेंट बांधायचं तर गाड्यांची जागा आत द्यायचीच. त्यावेळी रस्ते गाड्यांनी भरायला लागले होते, लोक वैतागले होते, आणि हा उपाय सोपा वाटला, की रस्त्यावरची अडचण बिल्डिंगच्या आत ढकला. पुढे हा नियम एका शहराकडून दुसऱ्याने घेतला, दुसऱ्याकडून तिसऱ्याने. डोनाल्ड शूप म्हणून एक प्राध्यापक होते, लॉस एंजेलिसला शिकवायचे, २०२५ च्या फेब्रुवारीत गेले, त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या एका विषयावर घालवली, आणि त्यांचा मुख्य मुद्दा हाच होता की हे आकडे बहुतेक ठिकाणी कुणी मोजून काढलेले नाहीत, शेजारच्या शहराने लिहिले म्हणून आपण लिहिले. आणि ते हेही सांगायचे की गाडी आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ नुसती उभी असते. हे वाक्य वाचल्यावर मला आमचं बेसमेंट डोळ्यासमोर आलं, ओळीने उभ्या गाड्या, काहींवर धूळ एवढी की लहान मुलांनी बोटाने नावं लिहिलेली.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खर्च, आणि तो दिसत नाही. खोदकाम, खडक लागला तर ब्रेकर, बाजूच्या बिल्डिंगचा पाया ढासळू नये म्हणून भिंत, वॉटरप्रूफिंग, हवा खेळती ठेवायला पंखे, स्प्रिंकलर, पाणी उपसायला पंप. खालचा दुसरा मजला पहिल्यापेक्षा महाग, तिसरा त्याहून महाग. हे पैसे कोण भरतं? घर घेणारा प्रत्येकजण भरतो, भाड्याने राहणाराही भरतो, ज्याने आयुष्यात गाडी घेतलेली नाही तोही. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर एक आजी राहतात, एकट्या, त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. त्यांच्या घराच्या किमतीत त्या साडेबारा चौरस मीटरचे पैसे होतेच, वर दर महिन्याला बेसमेंटचे दिवे, पंप, रंगरंगोटी यांचा वाटा त्या मेंटेनन्समध्ये भरतात. मी त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटायचं हे सगळ्यांनाच भरावं लागतं." भरावं लागतंच सगळ्यांना, पण का, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

आता कुणी म्हणेल की लोकांकडे गाड्या आहेत म्हणून पार्किंग लागतं, यात वाद कसला. मीही असंच मानत होते. पण सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे परवडणारी घरं लॉटरीने देतात. म्हणजे कुठल्या कुटुंबाला भरपूर पार्किंगवाली बिल्डिंग मिळेल आणि कुणाला अजिबात पार्किंग नसलेली, हे नशिबावर. एरवी आपण म्हणू शकतो की ज्यांना गाडी हवी ते पार्किंगवालं घर शोधतात, पण इथे तसं म्हणता येत नाही. आणि तरी ज्यांना जास्त पार्किंगची बिल्डिंग लागली त्यांच्याकडे गाड्या जास्त निघाल्या, ज्यांना कमी लागली ते बस-ट्रेनने जास्त जात होते, आणि नोकरी मिळण्यात पार्किंगमुळे काही फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे गाडीमुळे जागा लागते हे खरं, तसंच जागा आहे म्हणून गाडी येते हेही खरं. माझ्या स्वतःच्या घरात दुसरी गाडी आली तेव्हा आमच्यात काय बोलणं झालं होतं ते मला आठवतं. "स्लॉट आहेच की रिकामा." एवढंच. पाच मिनिटांत ठरलं.

लंडनने २००४ मध्ये नियम उलटा केला, कमीत कमी एवढं पार्किंग द्याच असं होतं ते काढून जास्तीत जास्त एवढंच द्या असं केलं. नव्या घरांबरोबर येणारं पार्किंग त्यानंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं, आणि अभ्यासकांचं म्हणणं असं की त्यातली बहुतेक घट नुसती सक्ती काढल्यामुळे झाली, वरची मर्यादा फारशी आड आलीच नाही. म्हणजे बिल्डर आणि घर घेणारे दोघांनाही एवढं पार्किंग नकोच होतं, नियम होता म्हणून बांधत होते. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये असंच केलं, अमेरिकेत बफेलो शहराने त्याच वर्षी सक्ती काढली, आणि कॅलिफोर्नियात २०२२ च्या कायद्याने रेल्वे स्टेशन किंवा मोठ्या बस-थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत शहरांना सहसा पार्किंगची सक्ती करता येत नाही.

पण हे लिहितानाच मला आमच्या नवव्या मजल्यावरच्या ताईची आठवण येते, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. ती हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, नाईट ड्युटी. रात्री साडेनऊला निघते तेव्हा त्या मार्गावरची शेवटची बस गेलेली असते. पहाटे सहा-साडेसहाला परत येते तेव्हा सगळं भरलेलं असतं. तिच्या नावावर स्लॉट नाही, ती भाड्याने राहते आणि घरमालकाने स्वतःचा स्लॉट वेगळा दुसऱ्याला दिलेला. रात्रभर उभं राहून आल्यावर ही बाई वीस-वीस मिनिटं गल्लीत फिरते, मग दोन चौक पलीकडे गाडी लावून चालत येते. तिला जाऊन सांगायचं का की पार्किंग कमी करा म्हणजे लोक बसने जातील? बस आधी हवी. वेळेवर, रात्रीची, उजेड असलेल्या स्टॉपवरची. ते नसताना नुसतं पार्किंग काढलं तर त्रास नेमका अशाच माणसांना होतो, आणि गाड्या जात नाहीत, फक्त फुटपाथवर चढतात. फुटपाथ गेला की चालणारा रस्त्यावर येतो, मग तोही म्हणतो चालणं नको, गाडीच घेऊ.

म्हणून मला टोकियोची पद्धत पटते. तिथे १९६२ पासून कायदा आहे की गाडी नावावर करायची तर आधी जागा दाखवायची, घरापासून दोन किलोमीटरच्या आत, पोलिसांकडून दाखला घ्यायचा, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी लावायची नाही. म्हणजे जागेची जबाबदारी गाडी घेणाऱ्यावर. शेजाऱ्यावर नाही, रस्त्यावर नाही. बरेच लोक जागा महिन्याच्या भाड्याने घेतात, त्यामुळे गाडी खरंच हवी का हा विचार दर महिन्याला पैसे भरताना होतोच. जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात फाउबान नावाची वसाहत आहे, तिथे गाडीवाल्यांनी वसाहतीच्या कडेला असलेल्या पार्किंगच्या इमारतीत जागा विकत घ्यायची, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही ते तसं लिहून देतात, त्यांना त्या इमारतीतली जागा विकत घ्यावी लागत नाही. घरांच्या मधल्या रस्त्यांवर मुलं खेळतात. घर वेगळं, गाडीची जागा वेगळी, ज्याला जे लागेल ते त्याने घ्यावं. एवढी साधी गोष्ट आहे आणि आमच्या मीटिंगमध्ये ती मांडायला मला तीन महिने लागले.

यांत्रिक पार्किंगबद्दल फार लिहीत नाही. एकावर एक गाड्या रचायचे ते लोखंडी रॅक, बटण दाबलं की प्लेट वर-खाली. जागा वाचते हे खरं. पण लाईट गेली, सेन्सर बिघडला, मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की वरच्या गाडीवाला अडकला, आणि दहा वर्षांनी बदलायचा खर्च कोण करणार हे विकताना कुणी सांगत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगचंही आता तसंच होतंय, प्रत्येकाला आपल्या स्लॉटवर पॉइंट हवा आणि बिल्डिंगचा विजेचा एकूण लोड तेवढा घेतलेलाच नाही.

एक बातमी मात्र मी विसरू शकत नाही. सप्टेंबर २०२२, दक्षिण कोरियातलं पोहांग. वादळ आलेलं, नदीचं पाणी वाढत होतं, आणि पहाटे अपार्टमेंटमध्ये घोषणा झाली की बेसमेंटमधल्या गाड्या काढून घ्या. लोक खाली गेले. पाणी काही मिनिटांत रॅम्पवरून आत आलं. सात माणसं तिथेच गेली, दोघं काही तासांनी जिवंत सापडली. गाडी वाचवायला खाली गेलेली माणसं. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की मी आमच्या रॅम्पच्या तोंडाशी जाऊन बघते, जाळी साफ आहे का, पंप चालतोय का. आमच्या ग्रुपवर मी लिहून ठेवलंय की पाणी शिरलं तर कुणीही खाली जायचं नाही, गाडी गेली तर गेली. त्याला पस्तीस लाईक आले आणि एकाने विचारलं की इन्शुरन्सचं काय.

परत त्या रात्रीच्या मोजणीवर येते. आम्ही एकच रात्र मोजलं नाही, तीन आठवडे मोजलं, रोज रात्री एक ते दीडच्या दरम्यान, वॉचमनकाका वहीत खुणा करायचे. भरलेल्या स्लॉटला बरोबर, रिकाम्याला शून्य. तीन आठवड्यांनी वही उघडली तर अकरा स्लॉट असे होते की त्यांच्यापुढे सगळी शून्यं. एकही रात्र गाडी नाही. कुणी परदेशात, कुणी गाडी विकली पण स्लॉट सोडला नाही, एका ठिकाणी जुना सोफा आणि टाईल्सचे खोके. आणि त्याच रात्रींना बाहेर गल्लीत आमच्याच बिल्डिंगच्या गाड्या, चौदा-पंधरा, काही फुटपाथवर दोन चाकं चढवून. इतकी वर्षं आम्ही जागा कमी आहे म्हणून भांडत होतो. जागा खालीच होती, रिकामी. ती घराला कायमची चिकटवून दिलेली होती म्हणून हलत नव्हती.

मोजणी चालू असतानाच दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना छातीत दुखायला लागलं. रात्री पावणेदोन. अँब्युलन्स आली आणि गेटच्या आत येऊ शकली नाही, कारण फायर ब्रिगेडची गाडी आत यावी म्हणून जी पट्टी मोकळी सोडायची तिच्यावर दोन गाड्या उभ्या होत्या, एक कुणाच्या तरी पाहुण्यांची. स्ट्रेचर गेटपासून लिफ्टपर्यंत चालत न्यावं लागलं, मग परत चालत बाहेर. मी त्यांच्या बाजूने सलाईनची बाटली धरून चालत होते, वॉचमनकाका टॉर्च घेऊन पुढे. काका वाचले. सात-आठ मिनिटं गेली असतील त्यात, पण त्या सात-आठ मिनिटांत काकूंचा चेहरा मी बघितला आहे, आणि त्यानंतर पार्किंग म्हणजे ज्याची त्याची सोय असं मला कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

पुढच्या जनरल बॉडी मीटिंगला मी ती वही घेऊन गेले. भाषण केलं नाही, वही सगळ्यांमध्ये फिरवली. लोक शांतपणे बघत होते, आपला नंबर शोधत होते. मग ठरलं ते थोडंसंच आहे. ज्याचा स्लॉट रिकामा त्याने तो वर्षभरासाठी सोसायटीमार्फत भाड्याने द्यायचा, मालकी त्याचीच, भाड्यातला काही भाग सोसायटीला, आणि त्यातून ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांच्या मेंटेनन्समधून बेसमेंटचा वाटा कमी करायचा. दुसऱ्या गाडीला पहिल्यापेक्षा जास्त दर. लिफ्टजवळचा एक स्लॉट कुणाच्याच नावावर नाही, व्हीलचेअर, अँब्युलन्स, सामानाची गाडी यांच्यासाठी. अकरातल्या सात जणांनी होकार दिला. दोघांनी सरळ नाही म्हटलं, आणि दोघं अजून कळवतोच म्हणतायत. सोफा अजून तिथेच आहे.

नर्सताईला ६१ नंबर मिळाला. मी पहाटे फिरायला जाते तेव्हा कधीकधी तिची गाडी रॅम्पवरून उतरताना दिसते, त्या ओरखड्यांच्या कॉलमपाशी ती खूप हळू वळते, जागेवर लावते, आणि लगेच उतरत नाही, दोन मिनिटं तशीच डोळे मिटून बसते. आजींचं बिल थोडं कमी झालं, त्यांनी ते मला वर बोलावून दाखवलं.

गेटजवळची पट्टी आम्ही परत पिवळ्या रंगाने आखून घेतली, रंग वाळेपर्यंत वॉचमनकाका खुर्ची टाकून बसले होते. आज सकाळी तिच्यावर परत एक गाडी होती. मी खाली उतरले, नंबर बघितला, रजिस्टरमध्ये नाव शोधलं आणि सहाव्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.